जांभळीच्या कानामागची काजळी

जागृती घरत पोत्याच्या तोंडावरचा हरभरा कधीच बघत नाही. एपीएमसी मार्केटात ती बाही सरकवते, हात कोपरापर्यंत पोत्यात खुपसते आणि तळातली मूठ बाहेर काढून नाकाशी धरते. दुकानदार दरवेळी दुखावतो.

"ताई, इतक्या वर्षांची ओळख, तरी विश्वास नाय?"

"ओळख आहे म्हणून तर हात घालते. अनोळख्याकडून घेतलंच नसतं."

हरभऱ्याचं जे, तेच सगळ्याचं. नाल ठोकणारा गेला की ती चारही खूर उचलून खिळे चाचपते. डॉक्टरनं टोचलेल्या औषधाची रिकामी बाटली मागून घेऊन तिच्यावरची तारीख वाचते. शिकायला आलेल्या माणसानं "मी आधी रायडिंग केलंय" म्हटलं की त्याच्या हातात लगामाऐवजी खरारा देते. माथेरानला फोटोपुरते घोड्यावर बसलेले पुष्कळ असतात. घोड्याचं अंग कसं घासायचं हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नसतं.

खारघरच्या डोंगराखाली, टॉवरांच्या रांगा संपतात तिथं, घरतांची उरलीसुरली जागा आहे. शेतं कधीच शहरात गेली. राहिला तो हा तुकडा: पत्र्याचा तबेला, बांबूचं गोल रिंगण, पाण्याची टाकी, आणि कडेला दोन खोल्या, ज्यांत जागृती आणि तिची आई पुतळाबाई राहतात. लोकांच्या तरण्या घोड्यांना इथं माणसाची सवय लावली जाते. जुन्या भाषेत असं काम करणाऱ्याला चाबूकस्वार म्हणत. जागृतीकडे चाबूक आहे, पण तो खुंटीवर असतो. आणि शनिवार-रविवारी 'क्लिनिक'. हा शब्द पुतळाबाईंच्या गळी अजून उतरलेला नाही. घोड्यांना ताप नाही, खोकला नाही, आणि खारघर-ऐरोलीहून शिकलेली माणसं टोप्या घालून येतात, घोड्याला धरतात, चालवतात, त्याची लीद उचलतात आणि खूश होऊन घरी जातात, यात क्लिनिक कुठलं?

संशय जागृतीनं बापाकडून घेतला. वामन घरत अलिबागकडच्या वाळूत घोडागाडी पळवायचा आणि जिंकायचा. एका शर्यतीच्या पहाटे कुणीतरी त्याच्या घोड्यापुढं भिजवलेल्या चंदीची, म्हणजे दाण्याची, बादली ठेवून गेलं. पोट तट्ट भरलेला घोडा अर्ध्या वाटेत कळ येऊन आडवा झाला. जनावर वाचलं, वामनचं मन मात्र उडालं. त्यानं शर्यती सोडल्या, घोड्याच्या पायांशी बाज टाकली आणि शाळकरी पोरीला एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली: "जनावर बिघरला ना पोरी, तर जनावराकडं मागून बग. आधी आजूबाजूची मानसं बग."

पोरीनं ते इतकं मनावर घेतलं की ऐरोलीच्या ऑफिसातली नोकरी तिनं वर्ष सरायच्या आत सोडली. तिथं सगळेच हसून बोलत, आणि कोण कशासाठी हसतंय ते तिला कळेना. घोडा रागावला की कान पाडतो. तेवढा तरी सरळपणा तिला हवा होता. लग्न केलं नाही. बघायला आलेल्या एका मुलाला तिनं हसून दाखवायला सांगितलं होतं, आणि दातांवरून तो सांगतो त्यापेक्षा मोठा आहे असं आईला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं होतं. तेही बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात.

तर ही जागृती, आणि तिच्याकडे आलेली जांभळी.

जांभळी ही हितेश म्हात्रेची तरणी घोडी. सावलीत काळी दिसायची, उन्हात लालसर, अगदी पिकल्या जांभळासारखी. हितेश गावातलाच. बाप भातशेती करायचा, हा इमारती बांधतो. मुलगी मनस्वी हिच्यासाठी त्यानं ही घोडी आणली, आणि इमारतीचा ताबा मागावा तसा तो हिच्या शिक्षणाचा ताबा मागायचा. "कवा बसनार पोरगी?" आला की पहिला प्रश्न हाच.

जागृतीनं थंडीभर घाई केली नाही. आधी नुसता दोर, मग पाठीवर गोणपाट, मग रिकामं खोगीर, मग पाठीवर पोटानं आडवा मिथुन. मिथुन हा तिचा मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला पोरगा, अंगानं हलका, हातानं त्याहून हलका. होळीच्या सुमाराला जांभळी त्याला पाठीवर घेऊन रिंगणात दुडकी मारू लागली. क्लिनिकची माणसं तिच्याभोवती मोबाइल घेऊन जमायची. काय अयाळ, काय डोळे! पुतळाबाई ओट्यावरून हे बघत आणि पदर तोंडाला लावत.

आणि मग घोडी बिघडली.

बिघडली ती सोमवारची. शनिवारी शहाणी, रविवारी लोकांसमोर शहाणी, आणि सोमवारी सकाळी टाकीच्या कोपऱ्याकडे पाऊल टाकायला तयार नाही. नाकपुड्या फुगवायची, मागं सरायची. कुणी डोक्याजवळ मूठ नेली, हात जरा गोल फिरवला, की पुढचे दोन्ही पाय वर. आठवडाभर समजावून ती ताळ्यावर यायची, की पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. मिथुन एकदा पडला. हितेशनं ते पाहिलं.

"जागृतीताई, एप्रिलच्या शेवटच्या क्लिनिकला मनस्वी बसली पायजे. नायतर सांग. बँडवाला गोटीराम कवापासून मागं लागलाय. त्याला रंगबिंग काय नाय, वर झूल टाकली का झाला."

मनस्वी कुंपणाला धरून उभी होती. तिनं बापाकडे पाहिलं, मग घोडीकडे. वरातीत गेलेल्या तरण्या घोड्याचं काय होतं ते जागृतीनं पाहिलेलं होतं. डीजेच्या भिंतीपुढं तासन्‌तास उभं करून करून त्याचे डोळे विझतात. अशी घोडी पुन्हा कुणाच्या पोरीची होत नाही.

त्या रात्री तिला बापाचं वाक्य आठवलं, आणि तिनं माणसं बघायला सुरुवात केली.

सोमवारी खरारा करताना जांभळीच्या डाव्या कानामागं तिचं बोट काळं झालं. काळ्या घोडीच्या अंगावर काळं दिसत नाही, पण बोटावर दिसतं. तिनं ते नाकाशी नेलं. जळका वास. काजळी. एप्रिल महिना, गावोगाव हळदी. हळदीच्या मिरवणुकीत फटाके, फटाक्यांची काजळी. नाचणारी माणसं नवरदेवाच्या डोक्यावरून नोटा ओवाळून वाजवणाऱ्यांना देतात. घोड्याच्या डोळ्यांसमोर हात गोल फिरतात. घोडी घाबरते ती नेमकी कशाला? गोल फिरणाऱ्या हाताला. आणि जागृतीकडे यायच्या आधी मिथुन कुठं कामाला होता? गोटीरामकडं. वरातीचे घोडे धरायला.

सगळं इतकं चपखल बसलं की तिला जवळजवळ बरं वाटलं.

रविवारी क्लिनिक संपलं की ती टेम्पो घेऊन पनवेलकडे गवत आणायला जायची, ती दिवेलागणीनंतर परत यायची. तेवढा वेळ तबेला मिथुनच्या हवाली. आठवडाभर ती त्याला काहीच बोलली नाही. फक्त बघत राहिली. तो शीळ घालायचा, ती त्या शिळेतही काही शोधायची. फोनवर बोलताना तो दूर का गेला? नवी चप्पल कुठून आली? पुढच्या रविवारी गवत घेऊन आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, आणि सोमवारी काजळी पुन्हा कानामागं होती.

सकाळी हितेश मनस्वीला सोडायला आलेला. मिथुन न्याहारीला बसला होता. जागृती सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"काल संध्याकाळी कुठं होतास?"

"इथंच की, ताई."

तिनं त्याचा डबा उचलला आणि वास घेतला. "ताज्या बोंबलाचं कालवण. हे इथं शिजलं?"

मिथुनचा घास हातात राहिला.

"घरी गेलो होतो. जरा वेळ."

"आणि घोडी? गोटीरामकडं?"

"आईशप्पथ ताई, घोडी कुठं नेली नाय."

"मग इथं होतो म्हणून खोटं का बोललास?"

त्यानं एकदा ओट्याकडे पाहिलं. पुतळाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मिथुननं खाली पाहिलं. म्हातारीकडून दया मागतोय, जागृतीनं ठरवून टाकलं.

"बोल ना! चोरून वरातीत नाचवलीस माझी घोडी. उचल सामान."

"तुमी मला चोर बोलताय? सगळ्यांसमोर?"

"मग काय आरती करू?"

मिथुननं डबा बंद केला, जांभळीच्या मानेवर एकदा थाप दिली आणि निघून गेला. हितेश म्हणाला, "तरी मी म्हनलं होतं, बाहेरची पोरं ठेवू नको." त्यानं असं कधी म्हटलेलं नव्हतं.

आता प्रश्न मिटायला हवा होता. फाटकाला नवं कुलूप आलं, किल्ली जागृतीच्या गळ्यात. रविवारी ती आईला म्हणाली, "आये, मी येईपर्यंत कुणाला कुंपणावरूनही आत घेऊ नको. देव आला तरी नाही."

"नाय घेत, बाय. तू जा."

सोमवारी जांभळीच्या दोन्ही कानांमागं काजळी होती.

जागृती तबेल्यातल्या उपड्या बादलीवर बसून राहिली. मग डोकं पुन्हा धावायला लागलं. गोटीरामनं दुसरी किल्ली केली? की हितेशच? घोडी विकायची तर मुलगी रुसणार. घोडीच वेडी ठरली म्हणजे बाप सुटला. हो, हितेशच. बिल्डरला कुलूप म्हणजे काय! तो आला तेव्हा ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. बोटं स्वच्छ होती. अर्थात असणारच. अशी कामं कुणी स्वतःच्या हातानं करतं?

शेवटच्या क्लिनिकच्या आधीचा रविवार. तिनं नेहमीसारखा टेम्पो काढला, हॉर्न वाजवला, आणि वळणापलीकडच्या देवळाशी तो उभा केला. नाल्याच्या कडेनं मागं आली, मागचा सैल पत्रा सरकवून गवताच्या खोलीत शिरली आणि भाऱ्यांआड बसली. हातात काठी, मोबाइलचा कॅमेरा चालू.

ऊन डोंगरामागं गेलं. फाटक हललंसुद्धा नाही. घराचं दार मात्र वाजलं.

पुतळाबाई बाहेर आल्या. पदर खोचलेला, एका हातात लोखंडी पाटी, पाटीत लाल निखारे. त्यांनी ती टाकीच्या कोपऱ्यात ठेवली. मग जांभळीला तोंडावरच्या मोरखीला धरून तिथं आणली. घोडी पाय ओढत आली. म्हातारीला ती नाही म्हणू शकत नव्हती, रोज गुळाचा खडा त्याच हातातून मिळायचा. पुतळाबाईंनी तिला बांधलं, पाटीच्या कडेची काजळी बोटाला घेऊन दोन्ही कानांमागं तीट लावली, आणि कमरेच्या पिशवीतून मूठ भरली. मीठ, मोहऱ्या, सुक्या मिरच्या. मूठ घोडीच्या तोंडावरून गोल फिरू लागली.

"आल्यागेल्याची, खारघरवाल्यांची, ऐरोलीवाल्यांची, मोबाइलवाल्यांची, कुनाची लागली आसंल ती..."

आणि मूठ निखाऱ्यांवर.

चरचर झालं. संध्याकाळचं वारं डोंगराकडून खाली येतं. पुतळाबाई वाऱ्याच्या वरच्या अंगाला होत्या, घोडी खालच्या. सगळा धूर थेट जांभळीच्या नाकाडोळ्यांत. ती खोकली, दोर ताणून मागं सरली, डोळ्यांचं पांढरं दिसू लागलं. पुतळाबाई धुराकडे वाकून वास घेत उभ्या.

"बगा! मना ठसकाच नाय. एवर्‍या मिरच्या टाकल्या तरी नाय. केवढी जबर लागलीय!" आणि त्यांनी दुसरी मूठ भरली.

"आये!"

पुतळाबाईंच्या हातून मिरच्या सांडल्या. जागृतीनं आधी दोर सोडला, घोडीला तबेल्यात नेलं, तिचे डोळे पाण्यानं धुतले. मग पाटीत बादली उपडी केली.

"निखाऱ्यावर पानी वतलंस? अपशकुनी गो!"

"किती दिवस चाललंय हे?"

"होलीपासून. एवढी मानसं टकामका बगतान, फोटू कारतान. पोराला नजर लागते, जनावराला नाय लागत? घोरी बिघरली, म्हंजे लागलीच ना? मंग मी मिरच्या वारवल्या."

"ती बिघडली म्हणून तू मिरच्या वाढवल्यास. आणि मिरच्या वाढवल्यास म्हणून ती बिघडली!"

"काय तरी नको बोलू. तुझा बापूस शर्यतीला जायचा तवापासून कारतंय मी दृष्ट. एकच डाव राहिली, ती पन त्याच पहाटे. बगलंस ना काय झाला?"

जागृतीनं हवा हुंगली. मिरच्या-मोहऱ्या जळल्याचा वास. तो सोमवारीही तबेल्यात असणार, थोडा तरी. हरभऱ्याचा तळ हुंगणाऱ्या, बोंबलाचं कालवण ओळखणाऱ्या तिच्या नाकाला तो कधी आलाच नव्हता. जन्मल्यापासून तो वास म्हणजे घर.

"आणि मिथुन?"

"त्याला मीच पाठवायची घरी. दृष्ट कारताना परका नको. म्हनलं, आयला भेटून ये, जागूला सांगू नको."

"मी त्याला चोर म्हणाले तेव्हा तू तिथंच बसली होतीस, आये!"

पुतळाबाई सांडलेल्या मिरच्या एकेक उचलत होत्या. "दृष्ट कारल्याचं बोलायचं नसतं. बोललं का फुकट जातंय." मग हलकेच म्हणाल्या, "तांदूल निवडत होते, पन खडे दिसत नवते मना."

दुसऱ्या दिवशी जागृती दिवाळ्याला गेली. मिथुन खाडीच्या धक्क्यावर बापाबरोबर जाळं शिवत होता. तिनं सगळं सांगितलं. तो हसला नाही.

"ताई, मी खोटं बोललो ते बोललो. काकीला शब्द दिलेला. पण तुमी मला ओळखता ना? पडलो तेव्हा मी लगाम सोडला होता की नाय? तिचं तोंड खेचू नये म्हणून. ते बघितलं तुमी. तरी चोर."

"चुकले."

"इथं नको. तिथं बोललात, तिथं बोला. हितेशशेठसमोर."

हे तिला औषधाच्या घोटासारखं कडू गेलं. लोकांसमोर बोलायचं म्हणजे आईचा मिरच्यांचा खेळ लोकांसमोर मांडायचा, तोही हितेशच्या हातात घोडी न्यायचं कारण देऊन. पण मिथुनवाचून जांभळी सावरणार नव्हती, हेही खरं.

शेवटचं क्लिनिक. टोप्यावाले आले, हितेश आला, मनस्वी बूट घालून तयार. फाटकाबाहेर गोटीरामची गाडीही उभी. त्याला कुणी बोलावलं हे जागृतीनं विचारलं नाही, नुसतं हितेशकडे पाहिलं. मग रिंगणाच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "त्या दिवशी मी मिथुनला चोर म्हणाले. तो चोर नाही. घोडी कुठंही गेली नव्हती. आज कुणीही तिच्यावर बसणार नाही. आज फक्त एकच माणूस शिकणार आहे. आये, ये आत."

पुतळाबाई रिंगणात आल्या. लुगडं ठेवणीतलं. मिथुननं जांभळीचा दोर धरला, सैल. घोडीनं म्हातारीची मूठ पाहिली आणि मान वर केली.

"थांब. तिथंच. हात खाली," जागृती म्हणाली. "तिनं मान वर केली की तू मागं सरायचं."

"मी मागं सरू? घोरीच्या पुढं?"

"हो. तिनं मान खाली केली की हात वर. रिकामा."

"मीठ तरी घेऊ दे."

"नाही!"

टोप्यावाले हसले. जागृतीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मोबाइल खिशात गेले. दूरवरून पुतळाबाईंची रिकामी मूठ गोल फिरली. घोडी फुरफुरली. हात खाली. पुन्हा. अर्धी सकाळ हेच. ऊन चढलं, पुतळाबाईंचा जीव मेटाकुटीला आला, "तुझा बापूस बरा होता तुझ्यापरीस" असं त्या दोनदा म्हणाल्या, पण मागं सरायला शिकल्या. आणि शेवटी त्या टाकीच्या कोपऱ्यात घोडीच्या तोंडाशी उभ्या होत्या, मूठ कपाळावरून सावकाश फिरत होती, आणि जांभळीनं ओठ सैल सोडून एक मोठा सुस्कारा टाकला.

"पन ही भानगड काय हाय?" हितेशनं विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. जागृतीनं सांगितलं: मिरच्या, धूर, वारं, सगळं. सांगताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता हा गोटीरामला हाक मारणार.

हितेश भलत्याच गंभीर चेहऱ्यानं ऐकत होता. मग पुतळाबाईंकडे वळला.

"काकी, माझ्या घोरीची दृष्ट तुमी कारत होता? मना सांगायचं तरी! माझ्या आयनं पन हेच केला असता." मग जागृतीला म्हणाला, "धूर नको त नको. पन दृष्ट कारायची थांबवू नकोस. एवढी लोकं बगतान."

"आणि मनस्वी? आज बसणार होती ना?"

"बसंल सावकाश. घोरी नाठाल नवती, धुरानं भ्याली. ते येगलं." तो फाटकाकडे गेला आणि गोटीरामच्या गाडीच्या काचेवर टकटक करून त्याला जायला सांगितलं.

जागृती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. इतक्या सहज? काहीतरी असणार. तिनं मिथुनला हळूच विचारलं, "याला दुसरी घोडी मिळाली का रे कुठं?"

"ताई," मिथुन म्हणाला, "सोडा ना आता."

मनस्वी आत आली. पुतळाबाईंनी तिचा हात धरून मूठ कशी वळायची ते दाखवलं, आणि जांभळी दोघींच्या हातांखाली उभी राहिली.

संध्याकाळी गवत आणायला जाताना जागृती फाटकातून परत फिरली. मिथुन टाकी भरत होता. आई ओट्यावर बसली होती. जागृतीनं तिच्या पदराची गाठ सोडली आणि नाकाशी नेली.

नुसतं मीठ होतं.

"काय गो? आयवर पन इस्वास नाय?"

जागृतीनं गाठ होती तशी परत बांधली. जरा घट्टच.

"मीठ चालेल," ती म्हणाली, आणि टेम्पो चालू करण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात जाऊन मिरच्यांचा डबा घेऊन आली. तो तिनं टेम्पोत आपल्या शेजारच्या सीटवर ठेवला आणि पनवेलच्या रस्त्याला लागली.